एकुलतं सीताफळ

ह्या वर्षी पावसाळाभर माझा देवाशी अबोला होता. असं लिहिताना हात अडखळतो, पण खोटं तरी कशाला लिहू? रविवारी चर्चमध्ये भक्तीला जात होते, सगळ्यांबरोबर गीतं म्हणत होते, पाळकसाहेबांनी सांगितलं की डोळेही मिटत होते. पण मिटलेल्या डोळ्यांआड एकही शब्द उमटत नव्हता. आमचे हे गेले होते. पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आले, बूट काढता काढता छातीत जळजळतंय म्हणाले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत प्रभूमध्ये झोपी गेलेसुद्धा. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. भेटायला येणारे सगळे प्रभूची इच्छा म्हणून मान हलवत आणि मी त्यांना चहा विचारत असे. एवढी मोठी इच्छा प्रभूने माझ्या घराबाबत का धरावी, हे विचारायला मला कोणाची भीती नव्हती. फक्त ज्याला विचारायचं त्याच्याशीच मी बोलत नव्हते.

घरात आता आम्ही दोघीच होतो, मी आणि माझ्या सासूबाई. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे, ती महिनाभर राहून परत गेली. आई ऐंशीच्या घरातल्या. लेकाच्या मातीला त्या रडल्या नाहीत. घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि हळूहळू त्यांचं खाणं सुटत गेलं. आधी भाकरी गेली, मग भात, मग पेजसुद्धा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गोष्ट चार चमचे चहावर आली. मी चिंचवडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पोषण, प्रथिनं, जीवनसत्त्वं हे सगळं फळ्यावर खडूने लिहून दाखवण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याच घरात एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं. नाचणीचं सत्त्व केलं, खीर केली, मुगाचं कढण केलं. गोड बोलले, रागावले, लहान मुलासारखं चमच्याने भरवून पाहिलं. त्या तोंड भिंतीकडे करायच्या. रागाने नाही हो, राग असता तर मला बरं वाटलं असतं. पोट भरलेल्या माणसाने ताट सारावं तशा शांतपणे त्या चमचा बाजूला करायच्या.

आमचे नेहमीचे डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. बाहेर ओट्यावर उभे राहून म्हणाले, "बाई, सगळं ठीक आहे आणि काहीच ठीक नाहीये. मनच घेत नाहीये त्यांचं. आठवडाभर बघू. पुढच्या शनिवारपर्यंत खाल्लं नाही तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल." मग त्यांनी हेही सांगितलं, की ह्या वयात माणसं नळी ओढून काढतात, म्हणून कधी कधी हात बांधावे लागतात. त्या हातांनी मला ह्या घरात आल्या दिवसापासून वाढलेलं आहे. ते खाटेच्या दांड्याला बांधलेले माझ्याच्याने बघवले नसते. डॉक्टरांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी ओट्यावर तशीच उभी होते.

आता सीताफळाचं सांगते. आमचं घर चिखलीत आहे, बैठं, आणि मागे धुण्याच्या दगडापाशी हातभर मोकळी माती आहे. ह्यांच्या कंपनीत पर्यावरण दिनाला प्रत्येक कामगाराला एकेक रोप देतात. बहुतेकांची रोपं कंपनीच्या बसमध्येच सीटखाली राहतात. ह्यांनी आपलं घरी आणलं, लावलं आणि त्याच्यावर जीव टाकला. चार-पाच वर्षं त्या झाडाने पानांपलीकडे काही दिलं नाही. मी चिडवायचे, की हा बदली कामगार आहे, कायम होईपर्यंत फळ देणार नाही. ह्या वर्षी ते फुललं. फुलं सगळी गळली, एक तेवढं धरलं. सुपारीएवढं झालं तेव्हा खारींपासून वाचावं म्हणून ह्यांनी कंपनीतला कापडी हातमोजा त्याच्यावर चढवून सुतळीने बांधला. फांदीला पंजा लोंबकळताना बघून शेजारणीला पहिल्यांदा धडकीच भरली होती. त्यानंतर पंधरा दिवसांत हे गेले. मोजा तसाच राहिला, मी त्याला हात लावला नाही.

डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी तो मोजा सोडला. फळ मुठीपेक्षा मोठं झालं होतं. डोळे उघडलेले, मधल्या रेघा पिवळसर. दोन-तीन दिवसांत पिकेल असं. मी ते तोडलं आणि माझ्या मनाने एकदम धाव घेतली. आईंना सीताफळ फार आवडतं. त्यांना दात नाहीत, पण सीताफळाला दात लागतात कुठे? शिवाय हे त्यांच्या लेकाच्या झाडाचं. दुसरं कशाने नाही तर ह्याने त्यांचं तोंड उघडेल, अशी माझी खात्रीच झाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. मी ते नेऊन त्यांच्या हातात ठेवलं.

आईंनी ते दोन्ही हातांनी चाचपलं. त्यांच्या अंगठ्याने एकेका डोळ्यावरून फिरून घेतलं. "राजूच्या झाडाचं?" त्यांनी विचारलं. दोन दिवसांत त्या प्रथमच बोलल्या होत्या.

"हो. तांदळात ठेवते. पिकलं की तुम्हालाच देणार आहे."

"पयलंच हाय ना गं?"

"पहिलंच. आणि एकच आहे."

"मग उद्या चर्चात घेऊन जा. प्रथमफळाचा रविवार हाय."

"आई, एकच आहे हो!"

"एक असू नायतर धा असू. पयलं त्याचं असतंय," म्हणाल्या आणि फळ माझ्या हातात देऊन भिंतीकडे वळल्या.

मला इतका संताप आला, की देवाला सीताफळ घेऊन काय करायचंय, असं मी मोठ्याने बोलून गेले. रात्री ते तांदळाच्या डब्यात घालायला मी झाकण उघडलंसुद्धा होतं. पण उद्या त्यांनी विचारलं तर काय सांगणार? माझ्या सासूबाईंशी खोटं बोलणं मला कधीच जमलेलं नाही, आणि त्या अवस्थेत तर अजिबातच जमलं नसतं.

प्रथमफळाचा सण म्हणजे काय, हे आमच्या चर्चच्या मंडळीबाहेरच्या लोकांना थोडं सांगायला हवं. आमची बहुतेक कुटुंबं गावाकडून कंपन्यांच्या पाठोपाठ इथे आली. गावाकडे हंगामाचं पहिलं कणीस, पहिली कोंबडी, गायीचं पहिलं तूप वेदीपुढे आणत. इथे शेत कोणाकडे आहे? तरी रीत सुटलेली नाही. कोणी कुंडीतल्या मिरच्या आणतं, कोणी लेकीने केलेला पहिला केक, कोणाच्या मुलाने आयटीआयमध्ये कानशीने घासून घासून बनवलेला पहिला हातोडा येतो. ज्यांना काहीच सुचत नाही ते मॉलमधला भोपळा स्टिकरसकट आणून ठेवतात. भक्ती झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो आणि ते दान गरजूंसाठी जातं. त्याला दोन नियम. ज्याची वस्तू त्याने स्वतः बोली लावायची नाही. आणि ज्याने वस्तू घेतली त्याने आठवड्याच्या आत, ज्याची ती होती त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करायची. हा दुसरा नियम आता नावाला उरला आहे. लोक पार्किंगमध्येच एक हात बाइकवर ठेवून प्रार्थना उरकतात आणि आमेन म्हणून किक मारतात.

मी नियमातून वाट काढली होती. मालनताई म्हणून माझी मैत्रीण आहे, महिला मंडळाची प्रमुख, आवाज असा की माइक लागत नाही. तिला मी सकाळीच गाठलं आणि माझ्या वतीने बोली लावायला सांगितलं. म्हणजे फळ देवाला देऊनही झालं असतं आणि आमच्या घरी परत येऊनही झालं असतं. "तू निर्धास्त राहा गं," ती म्हणाली. "माझ्यापुढे कोण बोलतंय ते मी बघतेच." मी वेदीपुढच्या टेबलावर त्या केकच्या आणि भोपळ्यांच्या गर्दीत माझं एवढंसं सीताफळ ठेवून आले.

पाळकसाहेब त्या दिवशी थोडंच बोलले. ते म्हणाले, पूर्वी शेतकरी पहिली पेंढी घेऊन मंदिरात यायचा तेव्हा बाकीचं पीक शेतात उभंच असायचं. त्यावर गारा पडतील की टोळ येतील, कोणाला ठाऊक नसायचं. हातात आलेलं तेवढंच असायचं आणि तेच तो देऊन टाकायचा. सगळं घरात आल्यावर उरल्यातून देणं सोपं आहे. पहिलं देताना माणूस असं म्हणत असतो, की पुढचं येईल ते तुझ्याकडूनच येईल. ऐकताना मी मनात म्हटलं, साहेब, पुढचं यायला शेतात काहीतरी उभं हवं ना. माझ्या शेतात काय उभं आहे? झाडावर दुसरं फळ नाही आणि झाड लावणाराही नाही.

लिलाव आमच्या मंडळीतले एक ज्येष्ठ करतात, कारखान्याच्या प्रेस शॉपमधून निवृत्त झालेले फोरमन. तीस वर्षं यंत्रांवर ओरडून कमावलेला त्यांचा आवाज. दरवर्षी आधी मोठ्या वस्तू जातात आणि फळं-भाज्या शेवटी, म्हणून मालनताई निवांतपणे मागे चहाचं पातेलं बघायला गेली होती. पण टेबल कललेलं होतं. माझं सीताफळ गडगडत कडेला आलं, फोरमननी ते पडायच्या आत झेललं आणि हातात आलंच आहे तर म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केली. "हे बघा, स्टिकर नसलेलं फळ! घरच्या झाडाचं, पहिलंवहिलं! बोला!" सगळे हसले. मी अर्धी उठले, दाराकडे बघितलं, मालनताईचा पत्ता नव्हता. तेवढ्यात अगदी मागच्या बाकावरून कोणीतरी बोली लावली. अनोळखी माणूस होता, पंचेचाळिशीचा, खांद्यावर टॉवेल. फोरमननी एक वार, दोन वार, तीन वार केलं आणि टाळ्यासुद्धा झाल्या. मालनताई हातात चहाची किटली घेऊन आत आली आणि माझं तोंड बघून जागच्या जागी थबकली. "अगं बया, झालंसुद्धा?"

त्या माणसाला गाठावं म्हणून मी दाराकडे गेले. तो फळ टॉवेलात गुंडाळून निघून गेला होता. पाळकसाहेबांनी सांगितलं, की चाकणहून नव्या गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर तो ड्रायव्हर आहे, रविवार म्हणून चर्च शोधत आला होता, संध्याकाळी नागपूरचा लोड घेऊन निघणार होता. म्हणजे माझं सीताफळ नागपूरच्या रस्त्याला लागलं होतं.

घरी आईंनी विचारलं, "कुनी घेतलं?"

"कोणी ड्रायव्हर होता. परगावचा. गेलासुद्धा."

"बरं झालं. वाटंनं खाईल," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, तेच मला सहन होईना.

पुढचे तीन दिवस फक्त चहा. आईंचा आवाज इतका बारीक झाला, की कान तोंडाशी न्यावा लागे. दिवाळीची सुटी होती म्हणून मी घरीच होते. बुधवारी दुपारी मी दवाखान्याची पिशवी भरली. टॉवेल, चादर, त्यांचे कपडे, जुने रिपोर्ट. मग धुणं घेऊन मागे गेले आणि त्या झाडाखाली दगडावर बसून राहिले. रिकाम्या फांदीला सुतळीचा तुकडा लटकत होता. तिथे माझा अबोला सुटला. प्रार्थना म्हणायची लाज वाटावी असं ते बोलणं होतं. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, नवरा नेलास, सासू नेतो आहेस, मध्ये एक फळ होतं तेही तुला सोडवलं नाही. बोलून बोलून दमले. मग रागही संपला आणि मला कळलं, की आता माझ्याकडे करायला काहीच उरलेलं नाही. ना औषध, ना युक्ती, ना मालनताई. मी एवढंच म्हटलं, की मला आता जमत नाही, तूच बघ. मी उठून धुणं वाळत घातलं.

गुरुवारी भर दुपारी दाराची कडी वाजली. बघते तर खांद्यावर टॉवेल टाकलेला तोच माणूस.

"सलाम, बाई. मी योहान. तुमच्या घरचं सीताफळ मी घेतलं होतं. पाळकसाहेब म्हणले, ज्याचं फळ घेतलं त्याच्या घरी जाऊन प्रार्थना करावं लागते. रविवारीच निघावं लागलं, आज सकाळी वापस आलो. ट्रेलर ट्रान्सपोर्टनगरला उभा केला अन् विचारत विचारत आलो बगा."

आमच्या इतक्या वर्षांच्या मंडळीत त्या नियमाखातर उन्हातून कोणी चालत आलेलं मला आठवत नव्हतं. ह्या बिचाऱ्याला तो नियम खराच वाटला होता! पण माझं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच, मी त्याच्या हातांकडे बघत होते. हात रिकामे होते.

"ते सीताफळ..." मी विचारलं.

तो मोकळेपणाने हसला. "खाल्लं की, बाई! कारंज्याच्या म्होरं केबिनमधी असा वास सुटला, तवा कळलं पिकलं म्हणून. मी अन् माझ्या जोडीदारानं आर्धं आर्धं खाल्लं. लई गोड होतं."

खरं सांगते, दार लावून घ्यावंसं वाटलं. एवढ्या लांबून हा मला हे सांगायला आला होता! पण पाहुणा दारात होता आणि चेहऱ्यावर रात्रभर गाडी चालवल्याचा शीण होता. मी त्याला आत घेतलं. घरात अजून कोण आहे असं त्याने विचारलं तेव्हा आई अंथरुणाला खिळल्याचं आणि ते झाड त्यांच्या गेलेल्या लेकाने लावल्याचं मी थोडक्यात सांगितलं. मग त्यांच्यापाशीच प्रार्थना करू म्हणाला आणि हात-पाय धुऊन आतल्या खोलीत खाटेजवळ जमिनीवर बसला. त्याची प्रार्थना छोटी होती. ह्या घरच्या झाडाचं पहिलं फळ तू मला खाऊ घातलंस, प्रभू, ह्या घरात कोणाला काही उणं पडू देऊ नकोस, एवढंच तो त्याच्या बोलीत म्हणाला. आमेन झालं. आणि आईंनी भिंतीकडचं तोंड ह्या बाजूला वळवलं.

"कुन्या गावचा रे तू?"

"भोकरदनकडचा, आज्जी. जालन्याच्या तिकडं."

"माहं माहेर तिकडंच हाय," आई म्हणाल्या.

मी दचकले. लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मी त्यांच्या तोंडून "माझं" ऐकत आले होते. "माहं" कधीच ऐकलं नव्हतं. सासरच्या माणसांत साठ वर्षं मिटून ठेवलेली माहेरची बोली एका ड्रायव्हरच्या शब्दाने उघडली. मग त्यांनी त्याला आणखी जवळ बोलावलं आणि विचारलं, "गोड होतं का रे?"

"लई गोड, आज्जी."

"माह्या लेकानं लावलेलं हाय ते झाड."

"बाईनं सांगितलं ना मला. मान्साच्या हाताला गुन असते, आज्जी. त्यांच्या हातचं खाल्लं म्हणायचं आमी."

आईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. लेक गेल्यापासूनचं पहिलं पाणी. ते कानाकडे ओघळत गेलं आणि त्यांनी पुसलं नाही. मग मला म्हणाल्या, "याला जेवू घाल. उपाशी दिसायलाय."

मी ज्वारीच्या भाकरी केलेल्या होत्या, तुरीचं वरण होतं, मेथीची भाजी होती. ताट वाढून तिथेच आणून दिलं. योहानने ताटाला हात जोडले आणि तसाच बसून राहिला. मी म्हटलं, घ्या ना. त्याने खाटेकडे बघून विचारलं, "आज्जीचं ताट?"

मी डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली. त्याला कळलं असावं, पण तो हलला नाही. अवघडल्यासारखा म्हणाला, "बाई, राग नका मानू. आमच्या घरी मोठ्या मान्साच्या तोंडात पहिला घास गेल्याबिगर कोन्ही ताटाला हात लावत न्हाई. मला येतच न्हाई तसं."

मी जरा तुटकपणेच सांगितलं, की त्या जेवत नाहीत, बरेच दिवस झाले, तुम्ही सुरू करा. "बरं," तो म्हणाला आणि हात मांडीवर ठेवून बसला. अडून बसल्याचा कुठलाही भाव त्याच्या तोंडावर नव्हता. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट होती, ती त्याला मोडता येत नव्हती, एवढंच. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं हे दिसत होतं. वरणाची वाफ हळूहळू विरत गेली.

"खाय ना रे," आई म्हणाल्या.

"तुमी घ्या ना, आज्जी."

आई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग ताटाकडे. आयुष्यभर पाहुण्यांना वाढलेली बाई ती. दारी आलेलं माणूस वाढल्या ताटावर उपाशी बसलंय, आणि तेही आपल्यामुळे, हे तिला बघवणार कसं? "आमच्या आबाच्या घासाबिगर आमी बी हात लावत नव्हतो," असं काहीतरी त्या स्वतःशी पुटपुटल्या. मग मला हाक मारली. "भाकर गार व्हायली त्याची. जरा उठव मला."

मी त्यांना उशीला टेकवून बसवलं. वाटीत वरण घेतलं, भाकरीचा मऊ पापुद्रा कुस्करला आणि सवयीने चमचा उचलला. त्यांनी चमचा बाजूला केला. पण त्यांनी वाटीत आपली बोटं घातली, घास घेतला आणि तोंडात ठेवला. बराच वेळ हिरड्यांनी चावत राहिल्या. गिळला. "खाय आता," योहानला म्हणाल्या.

त्याने भाकरी मोडली आणि भुकेल्या माणसाने जेवावं तसा तो जेवला. त्याला जेवताना बघत आईंनी आणखी दोन-चार घास घेतले. मला म्हणाल्या, त्याला अजून वाढ, भाजी दे, ठेचा नाही का घरात? मी ठेचा आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि गॅसच्या सिलिंडरला टेकून, पदर तोंडात कोंबून रडले. आनंदाने रडले, भीतीनेही रडले, आणि ह्यांच्या आठवणीने रडले. बाहेरून दोघांच्या गप्पा ऐकू येत होत्या. कुठली विहीर, कुठली यात्रा, कोणाची कोण.

योहान संध्याकाळच्या लोडसाठी निघून गेला. त्यानंतर तो आमच्या चर्चमध्ये दिसलेला नाही. त्याच्या गाड्या जातील तिकडे तो जात असेल. हा चमत्कार होता की योगायोग, असं मला मालनताईने विचारलं. मी विज्ञान शिकवते, मला दोन्हीतलं काहीच सिद्ध करून दाखवता येणार नाही. घडलं ते असं घडलं. माझ्या वतीने बोली लागली असती तर ते फळ घरी आलं असतं, आईंनी आणखी एकदा तोंड फिरवलं असतं आणि माझी शेवटची आशाही तांदळाच्या डब्यात कुजली असती. मी आईंना काय भरवायचं ते शोधत होते. त्यांच्या हातून कोणाला काही मिळावं, ही त्यांची भूक होती, आणि ती मला दिसली नव्हती. ज्याला दिसली त्याने माझं फळ घेतलं आणि जेवणारा माणूस पाठवला.

तरी शुक्रवार उजाडला तेव्हा मला वाटलं, पाहुणा गेला, आता पुन्हा भिंत. मी दुपारी वरणात कुस्करलेली भाकरी घेऊन आत गेले. आईंनी वाटीकडे बघितलं. "आज कोन येनार हाय जेवायला?"

"कोणी नाही, आई."

"मग तुहं ताट आन."

मी म्हटलं, तुमचं झालं की मी जेवेन. त्या म्हणाल्या, "कवा? सैपाकाच्या वट्यापाशी उभ्यानं?" हे गेल्यापासून मी एकदाही ताट घेऊन बसले नव्हते, हे त्यांनी भिंतीकडे तोंड करूनही ऐकलेलं होतं. मी ताट वाढून आणलं आणि खाटेपाशी बसले. त्यांनी घास घ्यावा म्हणून थांबले, काल योहान थांबला होता तशी. त्यांनी बोटांनी घास केला, वरणात नीट भिजवला, आणि हात माझ्या तोंडापुढे धरला. पहिला घास होता तो, मोठ्या माणसाचा. मी तोंड उघडलं.

शनिवारी मी ती दवाखान्याची पिशवी रिकामी करून टाकली. आता आम्ही दोघी रोज एकत्र बसतो. जेवणाआधीची प्रार्थना मी पुन्हा मोठ्याने म्हणायला लागले आहे. आधी दिल्याबद्दल उपकार मानते, मग नेल्याबद्दलचं दुःख सांगते, मग भोकरदनच्या त्या ड्रायव्हरचा रस्ता सुखरूप राहो असं मागते, आणि उरलेलं सगळं तुझ्यावर सोपवते म्हणते. प्रार्थना त्यामुळे जरा लांबते. आई पुष्कळदा ती संपायच्या आधीच आमेन म्हणून मोकळ्या होतात, कारण त्यांना भूक लागलेली असते.